घेणारा हजर हाय का?

पेन्सिल अंबाड्यात खोचलेली, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये चेपलेला, एका हाताने बिल्टी, म्हणजे गाडीतल्या मालाची पावती, फाडायची आणि दुसऱ्या हाताने दारातल्या ड्रायव्हरला थांब म्हणून खूण करायची. हे सगळं एकदम चालू असताना ती फोनवर विचारायची, "घेणारा हजर हाय का? नाव सांगा त्याचं."

तिकडून कुणी म्हणालं, "भेज दो ना, कोई ना कोई ले लेगा," की त्या माणसाचा दिवस वाईट गेलाच म्हणून समजा.

"कोई ना कोई कौन? उसका नाम क्या? मोबाइल नंबर क्या?"

नाव मिळेपर्यंत गाडी फाटकातून हलायची नाही. दापोड्याच्या आमच्या गोदामातून दिवसाला पंधरा-वीस गाड्या सुटतात. त्या सोडायचं काम तिचं, आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं. लक्ष ठेवावं असं ती फारसं काही करत नसे. उलट माझं दुपारचं जेवण लांबलं की तीच माझ्यावर लक्ष ठेवायची.

माल पोचला की घेणाऱ्याने बिल्टीवर सही करायची, वर दुकानाचा शिक्का मारायचा, आणि तो कागद ड्रायव्हरने परत आणायचा. त्याला आमच्यात पोहोच म्हणतात. नुसती सही तिला चालत नसे. "सही कोणीपण करतं. शिक्का कुठाय?" जौनपूरचे एक म्हातारे ड्रायव्हर होते, त्यांना सगळे चचा म्हणत. त्यांना तिने एकदा शिक्क्यासाठी नाशिकला परत धाडलं होतं. चचा जाताना म्हणाले, "ये लड़की नहीं है, चेकपोस्ट है." तेव्हापासून ड्रायव्हर लोकांत तिचं नाव पडलं ते हजरवाली दीदी. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. ते तिच्या सासूला आवडायचं नाही. का, ते पुढे कळेलच.

तिचा नवरा फौजेत. कुठे म्हणून विचारलं की ती छताकडे बोट दाखवून सांगायची, "वर." वर म्हणजे जिथे बर्फ असतो आणि नेटवर्क नसतं. साखरपुड्याला नवरदेव मोबाइलवर हजर होते. सासूबाईंनी पेढा मोबाइलसमोर धरला आणि नेमकं नेटवर्क गेलं. ते परत येईल म्हणून बाई पेढा धरून तशाच उभ्या. शेवटी तो पेढा फोटोग्राफरने खाल्ला. लग्नाला मात्र नवरदेव स्वतः आले, सोळाव्या दिवशी परत गेले.

तिला दिवस गेल्याचं तिने मला सांगितलं तेही कामाच्या भाषेत. फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहिता लिहिता मान न वळवता म्हणाली, "मॅडम, वीस तारखेला माझं नाव लावू नका. मी दवाखान्यात असेन."

"कुठल्या वीस तारखेला?"

"अजून सात महिने हायत. आत्तापासून सांगून ठेवते."

मग पेन्सिल काढून पुन्हा खोचली आणि म्हणाली, "या टायमाला मोबाइल चालायचा न्हाय, मॅडम. बाळ कोण मोबाइलमधून घेतं का? ह्यांना हजर ठेवायचं म्हणजे ठेवायचं."

आता इथून पुढे जे झालं त्यात थोडा दोष माझा आहे. थोडाच.

फौजेतली सुट्टी म्हणजे आपल्यासारखं नव्हे, की सकाळी पोट दुखलं आणि साहेबांना मेसेज टाकला. महिनोन् महिने आधी सांगावं लागतं, कारण एक आला की दुसऱ्याला थांबावं लागतं. तिच्या नवऱ्याची बरीचशी सुट्टी बहिणीच्या लग्नात गेली होती. बाळंतपणासाठी मिळते ती आणि हातची उरलेली मिळून प्रवास सोडून वीस दिवस होते. ते वीस दिवस नेमके त्या वीस तारखेवर बसवायचे होते. लवकर आला तर नुसता बसून दिवस खाणार, उशीर झाला तर बाळ आधी येणार.

गाड्यांच्या धंद्यात एक नियम आहे. ड्रायव्हरला खरी वेळ सांगायची नाही. बाराला गाडी हवी असेल तर दहाची वेळ द्यायची. तो दहा म्हणून बाराला येतो. हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी शिकवलं होतं. तिने ते नवऱ्याला लावलं. वीसच्या ऐवजी दहा तारीख सांगितली.

नवऱ्याने दहा तारीख आपल्या सुभेदारसाहेबांना सांगितली. साहेब चार लेकरांचे बाप. ते म्हणाले, "पहला बच्चा हमेशा जल्दी आता है. मेरा आया था." त्यांनी आपल्याकडून आणखी सात दिवस मागे घेतले आणि तीन तारखेपासून सुट्टी लिहिली.

या सुभेदारसाहेबांशी ती एकदा फोनवर बोलली. मी समोरच बसले होते.

"साहेब, अंदाजे नको. कन्फर्म तारीख द्या."

"बेटा, ये फौज है."

"फौज आहे ते माहीत आहे. गाडी कधी सुटणार ते सांगा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "दो तारीख सुबह." तिने ते वहीत लिहिलं आणि विचारलं, "आपका नाम?" देशाच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाने आपलं नाव, हुद्दा आणि नंबर दापोड्याच्या गोदामात लिहवून दिला.

तिकडे सासूबाईंचा कारभार वेगळा. त्या आपल्या गावच्या जुन्या बाई. बाळंतपणाची खरी तारीख कुणाला सांगायची नसते, दृष्ट लागते, हा त्यांच्या घरचा नियम. विचारील त्याला पंधरा दिवस पुढची सांगायची. त्या सगळ्या गावाला पुढल्या महिन्याची पाच तारीख सांगत होत्या. सांगता सांगता लेकालाही तीच सांगितली. लेकाला वाटलं, आई नेहमीसारखी पुढची सांगतेय, बायकोची दहाच खरी.

तीन तारखेला जवान ट्रंक घेऊन दारात. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "येवढ्या लवकर कशाला आलास रे? पाच तारखेला हाय ना."

"परवा?"

"न्हाय, पुढल्या महिन्याची."

त्याचा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. त्यांनी खिडकी लावली, दार लावलं आणि कानात सांगितलं, "खरी वीस हाय. कुणाला बोलू नको." त्याने बायकोला विचारलं, तू दहा का सांगितलीस? ती म्हणाली, "तुम्हाला दहा सांगितली तर वीसला याल म्हणून. तुम्ही तर सांगितल्यापेक्षा आधी आलात. असं कुठला ड्रायव्हर करतो?"

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. डॉक्टर, वीस. मी, दहा. साहेब, तीन. आई, पुढची पाच. तिने खडू ठेवला आणि आम्ही दोघी फळ्याकडे बघत बसलो. डॉक्टर सोडून तिघा शहाण्यांनी आपापली खबरदारी घेतली होती, आणि त्या खबरदारीत सतरा दिवस वाया गेले होते. चोवीस तारखेला सकाळी त्याची गाडी. म्हणजे डॉक्टरांची तारीख उलटल्यावर हातात जेमतेम तीन दिवस.

"आता बाळाने टाइम पाळला पाहिजे," ती म्हणाली. "त्याला तरी कोणी पुढची-मागची सांगितली न्हाय ना?"

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती शेलारला आईकडे. मग जावईही शेलारला. आता हाती काही काम नसलेला फौजी तुम्ही कधी घरात ठेवला आहे का? ठेवू नका. पहिल्या दोन दिवसांत त्याने सासरची भांडी उंचीप्रमाणे लावली. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या चपला भिंतीला समांतर ठेवायला लागला, तेव्हा सासऱ्यांनीच त्याला डबा देऊन गोदामात पाठवलं. मग तो रोज यायचा. आठवड्याभरात आमचे हमाल रांगेत उभे राहून हजेरी देऊ लागले. फाटकावरचा आमचा वॉचमन, जो नऊ वर्षांत कुणासाठी खुर्चीतून उठला नव्हता, तो मला कडक सलाम ठोकू लागला. पहिल्या दिवशी मी घाबरून बाजूला झाले. खोके कसे रचायचे ते त्याने शिकवलं, आणि खरं सांगते, ती रचना आम्ही आजही ठेवली आहे. शेलारला त्याच्या सासूने मात्र रोज मासळी, रोज भाकरी, वर खीर अशी सरबराई चालवली होती. पंधरा तारखेला त्याच्या पँटचं बटण लागेना.

वीस तारीख आली. गेली. एकवीसही गेली.

ड्रायव्हर गाडी लावायच्या आधी खिडकीतून डोकवायचे. "दीदी, कुछ हुआ?" हमाल विचारायचे, "ताई, आज?" ती सुट्टीवर होती, पण घरी बसून माणसं तोंडाकडे बघत राहतात म्हणून तास-दोन तास येऊन बसायची. त्या दोन दिवसांत तिने पहिल्यांदाच एका गाडीला घेणाऱ्याचं नाव न विचारता सोडलं. मी पाहिलं. ते नाव मी विचारून घेतलं.

बावीसला सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. "वज्रेश्वरीला ओटी भरून येते. देवीला सांगते, पोराची गाडी परवा सुटते." लेकाला मोटारसायकलवर पुढे घालून त्या सकाळी निघाल्या. आणि साडेदहाला, आमच्या ऑफिसात, दहा चाकी गाडीची बिल्टी लिहिता लिहिता हिने टेबलाची कड धरली.

"किती वेळापासून?" मी विचारलं.

"पहाटेपासून. पण थोड्या थोड्या होत्या."

"आणि सांगितलं नाहीस?"

"आई निघाल्या होत्या ना ओटी घेऊन. त्यांचा मान मोडला असता."

तिला गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. तिची आई दवाखान्याची पिशवी घेऊन शेलारहून रिक्षाने पोचली. फौजीचा फोन नुसता वाजत होता. देवळात जाताना त्याने तो मोटारसायकलच्या डिकीत ठेवला होता, कारण आई म्हणाली, देवीसमोर यंत्र नको.

मी ड्रायव्हरांच्या ग्रुपवर लिहिलं, वज्रेश्वरीच्या बाजूला कोण आहे? अर्ध्या मिनिटात चचांचा फोन. रिकामा टेम्पो घेऊन ते अंबाडीला चहा पीत होते. त्यांना काय ते सांगितलं. चहा टाकून निघाले असं पुढे त्यांनीच दहा वेळा सांगितलं, म्हणून खरं असेल.

पाऊण तासाने फोन आला. "मॅडमजी, माल उठा लिया. साथ में अम्मा भी है. गीली है."

"गीली म्हणजे?"

ओटी भरून झाल्यावर सासूबाईंनी, आलोच आहोत तर गुडघे शेकून घेऊ, म्हणून गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडले होते. पायांचं कमरेपर्यंत झालं होतं. चचांनी कुंडावरून हाक मारली, "अम्मा, बच्चा आ रहा है!" अम्मा म्हणाल्या, "येऊ दे, जागा हाय." त्यांना वाटलं कुणाचं पोर आंघोळीला उतरतंय.

इकडे आत बाळंतिणीच्या कळा वाढलेल्या, आणि दोन कळांच्या मध्ये दाराआडून एकच प्रश्न यायचा. "मॅडम, गाडी कुठवर आली?"

"अंबाडी!" मी बाहेरून ओरडायचे.

नर्स दाराबाहेर डोकं काढून म्हणाली, "कुठली गाडी? तिला म्हणावं जोर इकडे लाव."

अंबाडीच्या पुढे एक कंटेनर आडवा झाला होता. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. मी फोनवर सगळं ऐकत होते. हॉर्न, शिव्या, आणि त्यावर चचांचा आवाज, "अरे हटाओ भाई, हजरवाली दीदी का आदमी है!" तिने कधी ना कधी परत पाठवलेले, ताटकळत ठेवलेले, शिक्क्यावरून फैलावर घेतलेले निम्मे ड्रायव्हर त्या रांगेत होते. राग काढायला याहून चांगली संधी नव्हती. पण एकेकाने गाडी मागेपुढे करून वाट दिली. सासूबाई म्हणे केबिनच्या खिडकीतून ओला हात आणि त्यात प्रसादाचा नारळ बाहेर काढून ट्रकना बाजूला व्हायला सांगत होत्या. "सरक रे, सरक! माझी नात येते!" नात हे त्यांनी कसं ठरवलं ते देवी जाणे.

"गाडी कुठवर आली?"

"शेलार!"

आणि शेलार आणि नदीनाक्याच्या मध्ये कुठेतरी गाडी असताना आतून रडण्याचा आवाज आला. खणखणीत. फाटकावरच्या भोंग्यासारखा.

नर्स गुंडाळलेलं गाठोडं घेऊन बाहेर आली. "मुलगी आहे. कोण घेतंय?"

तिच्या आईने हात पुढे केले. तेवढ्यात आतून आवाज, "आये, थांब! घेणारा येतोय!"

"अगो, बाळ हाय ते," आई म्हणाली.

"नाव सांगितलंय ना त्याचं? मग तोच घेईल."

नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "सिस्टर, नदीनाका आलाय. पाच मिनिटं."

"बाई, मला आत आणखी दोन बाळंतिणी आहेत."

"तिला मी आठ वर्षं ओळखते," मी म्हटलं. "त्या दोघी आधी होतील, पण ही ऐकणार नाही."

नर्सने उसासा टाकला आणि मुलीला घेऊन खुर्चीत बसली. पाचाची आठ मिनिटं झाली. मग जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि फौजी वर आला. अनवाणी, चपला देवळाबाहेरच राहिलेल्या. कपाळावर कुंकू, केसांत तांदूळ. नर्सला पाहून तो जागच्या जागी थिजला.

"तुम्ही कोण?" नर्सने विचारलं.

त्याने टाचा जुळवल्या. बूट नव्हते, त्यामुळे आवाज आला नाही. "हजर, मॅडम!"

मग त्याने दोन्ही हात पुढे केले. नर्स म्हणाली, आधी बसा. तो भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसला, आणि तिथे त्याला त्याची मुलगी दिली. गाठोड्यावर त्याच्या केसांतला तांदूळ पडला, तो त्याने चिमटीत उचलला. मी जिन्यावरून येणाऱ्या सासूबाईंना हात द्यायला गेले, कारण त्यांच्या लुगड्याचं पाणी पायऱ्यांवर सांडत होतं आणि कुणीतरी घसरून पडलं असतं.

थोड्या वेळाने आम्हाला आत सोडलं. ती पडली होती, घामाने भिजलेली. पेन्सिल अंबाड्यात तशीच. म्हणाली, "मॅडम, पिशवीत पुस्तक हाय. पोहोच घ्या."

दवाखान्याच्या पिशवीत दुपट्यांच्या खाली बिल्टीचं कोरं पुस्तक होतं. मी लिहिलं. माल, एक नग, मुलगी. वजन, दोन किलो आठशे. स्थिती, चांगली. त्याने सही केली. ती इतकी वाकडी आली की बँकेत चालली नसती.

तिने कागद हातात घेतला, नीट पाहिला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "शिक्का कुठाय?"

तो बिचारा खिसे चाचपायला लागला. नर्स तेव्हा दवाखान्याच्या कागदासाठी मुलीच्या तळपायाला शाई लावत होती. तिने वर पाहिलं, आमच्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, आणि तो कागद ओढून घेऊन सहीच्या शेजारी ते पाऊल उमटवलं. "झालं? आता झोपा."

सुभेदारसाहेबांना फोन केला तेव्हा त्यांनी चार दिवस वाढवून दिले. एकच अट घातली, पोहोच भेजना. बिल्टीच्या तीन प्रती निघतात. एक वर बर्फात गेली. एक तिच्याकडे. तिसरी ऑफिसची.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा नवऱ्याला क्वार्टर मिळालं आणि ती गेली. निरोपाच्या दिवशी चचांनी तिला एक रबरी शिक्का भेट दिला. त्यावर फक्त 'हजर' एवढंच होतं. आता आमच्याकडे पोहोच मोबाइलवर येते. घेणारा काचेवर बोट फिरवतो की संपलं काम. तिच्या जागेवर आलेला मुलगा हुशार आहे, पण "कोई ना कोई ले लेगा" म्हटलं की गाडी सोडतो. मग मला उठावं लागतं.

ऑफिसची प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कार्बनची सही फिकट झाली. पावलाची छाप तेव्हा मी नर्सकडून उरलेल्या दोन्ही प्रतींवरही स्वतंत्र घेतली होती, त्यामुळे ती अजून काळीभोर आहे.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नवऱ्याची बदली पुन्हा वर झाली आहे, ती मुलीला घेऊन शेलारला येते आहे.

"मॅडम, बिल्टीचं पुस्तक उरलंय का एखादं?"

मी खण उघडून पाहिला. होतं. मी खडू घेतला. "तारीख सांग."

"खरी सांगू?"

"खरी," मी म्हटलं. "आणि ह्या वेळी त्यांनाही खरीच सांग. साहेबांनाही."

तिने सांगितली. मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. तुम्हाला हवी असेल तर सांगते, पण ती पंधरा दिवस पुढची असेल.